चालू फाइलीवर

मंगळवार, ४ मार्च

अकरा दहाला तपासणी केंद्राचे बावीसच्या बावीस प्रोग्राम एकदम बंद! रक्त दिलेली माणसं रिपोर्टसाठी ताटकळत बसली. बाविसांत सामायिक एकच गोष्ट — माझी लायब्ररी, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांनी मिळून वापरायची मी लिहिलेली कोडची फाइल. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "शुक्रवारपर्यंत कारण दे, नाहीतर नोकरी विसर." दोन खुर्च्या सोडून माझा सख्खा दादा. त्यानेच मला इथे चिकटवलं. मान खाली घालून बसला.

बुधवार, ५ मार्च

कोडमध्ये काही खोट नाही. तीनदा पाहिला.

सिस्टम लायब्ररी अख्खी मेमरीत आणतच नाही. कोणता तुकडा कुठे सापडेल, एवढेच पत्ते प्रोग्रामला देऊन ठेवते. ज्या तुकड्याची, म्हणजे पानाची, गरज पडेल तेच फाइलीतून उचलून आणते. ते एकच पान बावीसही जण वापरतात, आणि प्रत्येकाला वाटतं, हे आपलं एकट्याचं. म्हणजे सगळं चालू असताना कुणीतरी त्याच फाइलीवर नवी कॉपी केली. हातातली पानं मध्येच बदलली, कोसळणारच.

नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात दादानेच शिकवलं होतं — "चालू फाइलीवर कॉपी मारायची नाही. नवी शेजारी ठेव, मग नाव बदल. जुनी ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे ती राहते."

गुरुवार, ६ मार्च

फाइल बदलली अकरा आठला. लॉगिन दादाचं.

रात्री घरी जेवताना दादाला विचारलं. म्हणाला, "खोदू नकोस. तुझ्याच भल्याचं सांगतोय. साहेबांशी मी बोलतो." आई म्हणाली, ताटावर भांडू नका.

माझं भलं! लहानपणी काच फोडून माझं नाव सांगणारा हाच. मला इतका राग कुणाचा आला नव्हता. ताट सारून उठले.

शुक्रवार, ७ मार्च

साहेबांना लेखी दिलं. वेळ, लॉगिन, सगळं. दुपारी दादाने ड्रॉवर रिकामा केला. जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही. बरं झालं.

सोमवार, १० मार्च

दादाचं काम माझ्याकडे आलं. त्याने त्या दिवशी हाताने काही कॉपी केलंच नव्हतं. नवी फाइल आपोआप चढवणारी 'चढव' नावाची स्क्रिप्ट चालवली होती, न वाचता. चालू फाइलीवर थेट कॉपी मारणारी ओळ तिच्यातच. वर टीप — "दादाचा वेळ वाचावा म्हणून." तारीख माझ्या पहिल्या आठवड्यातली. लिहिणारी मी.