रबर आहे की नाही?

प्रिय दादा,

निकाल लागला. मी जिंकले, तू हरलास, आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस म्हणून हे लिहून कळवतेय. पिस्तुलात धक्का झेलणारा रिकॉइल बफर घातल्याने तिळमात्र फरक पडत नाही. तुझी ती लाडकी रबराची चकती, जिच्यापायी तू इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस, ती असली काय आणि नसली काय, सारखीच. पुराव्यासकट सांगते. अक्षराकडे मात्र बघू नकोस. पेन नवीन आहे आणि दुकानात काउंटरवर बसून लिहितेय. दोन ओळी झाल्या की कोणीतरी चष्म्याची दांडी मोडून घेऊन येतं.

झालं असं की निवड स्पर्धा तोंडावर आली आणि माझी दुसरी गोळी भरकटायला लागली. पहिली बरोबर जागेवर, दुसरी कुठेतरी हवा खायला गेलेली. आमच्या प्रकारात गोळ्या जोडीने मारायच्या असतात, तेव्हा दुसरी गेली की सगळंच गेलं. मी स्प्रिंग बदलली. मूठ बदलली. घरचंच दुकान म्हणून स्वतःच्या चष्म्याच्या काचासुद्धा बदलून पाहिल्या. काही उपयोग नाही. घरात बसवेना, दुकानात लक्ष लागेना, भांडायला कोणी सापडेना. मग तू पिस्तुलाबरोबर दिलेला तो पत्र्याचा डबा काढला. त्यात तुझ्या हाताने कापलेल्या चकत्या अजून होत्या. म्हटलं, बघू तरी दादाचं शास्त्र.

तुझ्या मेहुण्यांना आधी सगळं समजावून सांगावं लागलं. गोळी सुटली की वरची सरकती स्लाइड जोरात मागे येते आणि खालच्या फ्रेमवर आदळते, त्या दोघींच्या मध्ये ही चकती उशीसारखी बसते, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी रेंजवर चकती घालून गोळ्यांची एक फेरी मारली आणि खरंच सांगते, हात हलका वाटला. दुसरी गोळीही जागेवर बसली. मी तुला फोन करणारच होते, पण यांनी अडवलं. म्हणाले, तुला माहीत होतं ना आत रबर आहे म्हणून? दुकानात नाही का, काच बदलल्याचं नुसतं नाटक करून तीच काच परत लावली, तरी गिऱ्हाईक म्हणतं आता अगदी लख्ख दिसतंय. तेव्हा तुला न सांगता बघू. माणूस वर्षभर घुम्यासारखा बसेल आणि एक दिवस असं काहीतरी बोलेल की आपलं तोंडच बंद.

तर तसंच केलं. तुझी लेक पडद्यामागे बसून पिस्तूल उघडायची, कधी चकती घालायची, कधी नाही, आणि माझ्या पुढ्यात आणून ठेवायची. मुंगी हे नाव तिला अजून शोभतं, एका जागी ठरत नाही. पण त्या दिवशी चेहरा इतका कोरा ठेवला होता पोरीने की मला हसू येत होतं. मी गोळ्या मारायच्या आणि सांगायचं, रबर आहे की नाही. हे बाजूला टाइमर आणि मोबाइल घेऊन उभे, स्लाइड कशी परत येते त्याचं संथ चित्रण करायला. पुढच्या रविवारी अदलाबदल, मुंगी नेमबाज आणि मी पडद्यामागे.

आता निकाल ऐक. दोन गोळ्यांमधला वेळ चकती घालून कमी झाला नाही, ना माझा, ना तिचा. उलट मॅगझिनमधल्या गोळ्या संपल्यावर स्लाइड मागे अडकून राहायला हवी, ती दोनदा राहिली नाही. तुझी एक जुनी चकती तर आतच चुरा झाली आणि तिचे तुकडे स्लाइडमध्ये अडकून पिस्तूल अर्ध्यात बंद पडलं. स्पर्धेत हे झालं असतं तर तुला मी फाडून खाल्लं असतं. फ्रेमवरचा मार वाचतो, ते कबूल. म्हणजे सरावाला ठेवावी, स्पर्धेला काढावी, एवढीच तिची लायकी. आणि माझ्या उत्तरांचं म्हणशील, तर नाणं उडवून सांगितलं असतं तरी तितकीच बरोबर आली असती. मला काहीही कळलं नाही. म्हणून मी नाचत सुटले, की बघा, फरकच नाही तर कळणार काय! मुंगीने मात्र तिच्या रविवारी बहुतेक वेळा बरोबर ओळखलं होतं. मी म्हटलं, नशीब.

मध्ये उठावं लागलं. एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू पडला होता. तो बसवताना माझ्या हातूनही पडला, मग दुसरा घेतला, तोही पडला. शेवटी यांनी माझ्या हातातून चष्मा काढून घेतला. हल्ली स्क्रूच इतके बारीक यायला लागलेत. निदान मी सगळ्यांना तसं सांगते. सकाळपासून हे पत्र तीनदा टराटरा फाडलंय आणि उगाचच दुकानातले आरसे पुसत फिरतेय. हे विचारतात, काय झालंय तुला? मी म्हणते, स्पर्धा जवळ आली की माझं असंच असतं. ते ऐकून माझ्या पुढ्यातला मोडका चष्मा आपल्याकडे ओढून घेतात, आणि ते मला आणखी छळतं.

तर मुंगी. तुझीच लेक, गप्प कशी बसेल? तिने यांच्या काचेच्या नाटकावर कडी केली. माझ्या रविवारी, शेवटी शेवटी एका फेरीला, गुपचूप मॅगझिनमध्ये ती नवशिक्यांची हलकी काडतुसं भरली. तुला ठाऊक आहे ती, हातात पिस्तूल नुसतं फुसफुसतं. तिला वाटलं, पहिल्याच गोळीला आत्या ओरडेल, सगळे हसतील. मी सगळ्या गोळ्या मारल्या, पिस्तूल खाली ठेवलं आणि छाती फुगवून म्हणाले, रबर नाही, धक्का चांगला सणसणीत बसतोय. कोणीच हसलं नाही. हे मोबाइलमध्ये बघत होते, त्यांना काही समजलं नाही. मुंगीने माझ्या पुढ्यातून पिस्तूल उचललं आणि दुसरीकडे बघत म्हणाली, बरोबर आत्या, रबर नव्हतं. कसली काडतुसं होती ते तिने मला मागाहून, एकटीला गाठून सांगितलं, आणि रडली.

पण तिने ते सांगण्याआधी आणखी एक गोष्ट घडली. त्याच दिवशी, लगेच पुढच्या खेपेला. मी पिस्तूल समोर खाली धरून टाइमरच्या आवाजाची वाट बघत उभी होते. बोट बाहेर. तू पहिल्या दिवशी शिकवलंस ते, बोट चापाच्या बाहेर, निशाणा घेईपर्यंत बोट बाहेर. कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की माझं बोट बाहेर आहे. आणि गोळी सुटली, दादा. आवाज झाला तेव्हा मला कळलं की बोट आत होतं. गोळी समोरच्या मातीत गेली, कोणाला काही झालं नाही. यांना वाटलं टाइमरच चुकला. मुंगीला सगळं दिसलं होतं. तेव्हापासून मी पिस्तूल हातात घेतलं की ती माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहते. तिला काय वाटतं, तिथे उभी राहून ती गोळी झेलणार आहे? रोज एक कारण काढून सराव टाळतेय.

डॉक्टरकडे जाऊन आले, यांना न सांगता. मानेतल्या नसेवर दाब आला आहे म्हणतात. त्याने उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत चाललीत. शस्त्रक्रिया केली तर दाब जाईल, पण गेलेली जाण परत येईल याची खात्री ते देत नाहीत. आज घरी गेल्यावर यांना सांगणार आहे. घाबरतील, मग चिडतील, मग माझ्यासाठी चहा करतील. त्यांचं मी बघते. मला भीती वाटते ती वेगळीच. दादा, मला दुसरं काही येत नाही रे. चष्मे हे यांचं काम, मी आपली हाताखाली. माझं म्हणून जे काही होतं ते नेमबाजीच्या त्या रेषेवर उभं राहणं होतं. त्या रेषेवर मी कधी कोणाला घाबरले नाही, आणि आता माझ्याच बोटाला घाबरते.

आणि आता ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला ते. निवड स्पर्धेला जाणाऱ्या संघात एकच जागा आहे, ती माझी आहे, आणि राखीव म्हणून तुझी लेक आहे. मी नाव मागे घेतलं तर तिला खेळता येईल. ती ऐकत नाही. म्हणते, आत्याची जागा मी घेणार नाही, आत्या बरी होईल, मी कोणाला काही सांगणार नाही. तिच्या तोंडाकडे बघून मला जोरही करता येत नाही. तुझं ती ऐकेल. स्पर्धेच्या आधी दोन दिवस ये. हे पिस्तूल तू माझ्या हातात ठेवलं होतंस, तूच ते माझ्या हातातून घे आणि तिच्या हातात दे. चकती घालायची की काढायची ते तुम्ही बापलेक ठरवा, मी मध्ये बोलणार नाही. सुरुवातीला मी जिंकले म्हणून लिहिलंय ते खोडत नाही, आणखी एकदा पत्र फाडायचं बळ नाही. पण तू जिंकलास, दादा. फरक असतो. मुंगीला तो कळतो. लवकर ये.

तुझीच,
भांडखोर धाकटी