टपाची मोटर आणि फुलपात्रभर पाणी

रविवार, २४ ऑक्टोबर १९२६

ठरलं! मोटर घ्यायची. जुनी चालेल, लहान चालेल, पण टप मागे पडणारी हवी.

काल कोर्टाच्या ओसरीवर शिरस्तेदारांनी डिवचलं. "वकीलसाहेब, गणपतीच्या सभेत शपथ घेतलीत, माणसाच्या खांद्यावरच्या डोलीत पुन्हा बसणार नाही. छान! मग आता मोखाडा-खोडाळ्याला उडत जाणार का?" सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री झोप नीट आली नाही. वेठीविरुद्ध मी तीन वर्षं ओरडतो आहे. साहेब आला की पाड्यानं आपलं शेत टाकून फुकट ओझी वाहायची, फुकट डोली उचलायची — हा कुठला न्याय? आणि हे सांगायला मी स्वतः डोलीतून जायचं? नाही!

अनसूयेला विचार सांगितला, मोटर आली की दर रविवारी दोघांनी डोंगरात फेरी मारायची. म्हणाली, "बारा वर्षं झाली जव्हारात येऊन. खोडाळा कुठल्या दिशेला आहे ते मला तुमच्या भाषणांतूनच कळतं."

म्हणजे रविवारच्या फेरीला दोन मतं पडली. विरोधात कोणी नाही.

टप का? एक तर बंद पेटीत बसून डोंगर बघायचा तर घरात तसबीर लावलेली काय वाईट! आणि दुसरं — टप पाडून सीटवर उभं राहिलं की व्यासपीठ तयार. हे दुसरं अनसूयेला सांगितलं नाही. तिनं ओळखलं असणारच.

बुधवार, २७ ऑक्टोबर

डहाणूचे सोराबजी येऊन गेले. जुन्या मोटरींची दलाली करतात. दोन गाड्या आहेत म्हणाले, एक निळी, एक तांबडी. दोन्ही लहान, दोन्ही टपाच्या. "वकीलसाहेब, दोन्हीचा मालिक रडत रडत विकते!"

आतून अनसूया — "रडतोय की हसतोय ते घेतल्यावर कळेल."

मी यंत्राबद्दल इंग्रजी मासिकांत पुष्कळ वाचलं आहे. सोराबजींना प्रश्नांवर प्रश्न टाकले. ते प्रत्येकाला "फस्कलास!" म्हणाले. शेवटी परीक्षा सुचवली ती अनसूयेनं. "तोंडानं सगळेच बोलतात, आमच्या घरातसुद्धा. मी पाण्यानं काठोकाठ भरलेलं फुलपात्र मांडीवर धरून बसते. जिच्यात कमी सांडेल ती घ्या."

सोराबजी डोळे वटारून, "बाईसाहेब, तुमी मोटर खरीदते की गाय?"

पण परीक्षा नामी आहे. फुलपात्र खोटं बोलत नाही. एखाद्या भाषणात वापरीन.

रविवार, ३१ ऑक्टोबर

निळी नापास. पार नापास!

मोखाड्यापर्यंत बरी आली. खोडाळ्याच्या वाटेला लागलो आणि कुडाच्या पाड्याजवळचा चढ आला. पावसानं धुऊन निघालेला, नुसते धोंडे. गाडी अशी खडखडली की माझं वाक्य तीन तुकड्यांत बाहेर पडलं. फुलपात्र रिकामं, अनसूयेचं लुगडं चिंब. अर्ध्या चढावर पाण्याची टाकी उकळून गाडी बसलीच.

पाड्यावरची माणसं ढकलायला धावली. मी हात आडवा केला. "कोणी हात लावायचा नाही! माझी गाडी मी ढकलीन." ढकललीही. सोराबजींनाही लावलं कामाला. "साला, धोतीवाला वकील मला बैल केला!" म्हणत होते.

धोंडी पाटील, त्या पाड्याचा, हात जोडून कडेला उभा. तोंड उतरलेलं. "सायेब, तुमी ढकलायची? आमचे पाड्याची लाज जाते." त्याला तिथेच, घाम पुसत पुसत, वेठीबद्दल दोन शब्द ऐकवले. मन लावून ऐकत होता. निघताना चेष्टेनं म्हटलं, "पाटील, तुमच्या चढानं आमची गाडी नापास केली! आता दिवाळी होऊ द्या, चौदा तारखेला दुसरी आणतो परीक्षेला."

"आना सायेब. ती बरी चालंल."

बोलका माणूस नाही, पण गोड.

अनसूया मात्र खुशीत. पाड्यावरची एक नवशी नावाची बाई तिचा पदर पिळायला आली आणि हसत सुटली. "बाई, मोटरीत बसलीस का नदीत?" मग तिनंच फुलपात्र पुन्हा भरून दिलं. परतीला तेही सांडलं.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. चकलीत मला चाक दिसतं आहे. अनसूया म्हणते, मुकाट खा.

रविवार, १४ नोव्हेंबर

तांबडी! तांबडी! तांबडी!

तोच चढ, तेच फुलपात्र, तेच पाणी — आणि थेंब नाही! माझी नजर एकदाही त्या काठावरून हलली नाही. पाणी नुसतं थरथरत होतं, मोठ्या सभेपुढं नवखा वक्ता थरथरतो तसं. पण काठ ओलांडला नाही. गाडी गुरगुरत वर चढली आणि माथ्यावर डौलात उभी राहिली. सोराबजी स्वतःच चकित. "वकीलसाहेब, खुदाकसम, मला पन ठाऊक नवता ही येवढी भारी हाय!" विकणाऱ्यालाच मालाचं आश्चर्य वाटावं, याहून मोठी ग्वाही कुठली?

स्प्रिंगांची बनावटच वेगळी आहे. मी अनसूयेला वाटभर समजावून सांगितलं. तिनं फुलपात्रातलं पाणी पिऊन टाकलं.

धोंडी पाटील वाटेवर हजर. मागे पाड्यावरची बाप्ये-बाया, कोणाच्या हातात कुदळ, कोणाच्या टिकाव. कापणीचे दिवस, शेतावर निघाली असावीत. तरी गाडी बघायला थांबली बिचारी. मी टोपी काढून हलवली. पाटील म्हणाला, "झाली का सायेब पास?" मी ओरडलो, "पहिल्या नंबरानं!" सगळा घोळका हसला. केवढा साधा आनंद!

मंगळवार, १६ नोव्हेंबर

घेतली. दारात उभी आहे. उगाचच तीनदा बाहेर जाऊन आलो. दर वेळी खोटं कारण काढलं.

रविवार, २१ नोव्हेंबर

शिरपामाळ, गावाजवळचं टेकाड. नाशकात मित्राच्या गाडीवर हात बसला होता तो कामी आला, मीच चालवली. टप पूर्ण मागे. थंडी कोवळी, उन्हाला कापलेल्या गवताचा वास. अनसूयेचा पदर वाऱ्यानं मागे फडफडत होता. तिनं आधी दोनदा सावरला, मग सोडून दिला. बारा वर्षांत मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं — मान वर, डोळे मिटलेले.

माथ्यावर सीटवर उभा राहून दरीपुढं थोडं बोललो. स्वातंत्र्य, स्वाभिमान वगैरे. अनसूया म्हणाली, "दरीनं मधे मधे टोकलं नाही, म्हणून लांबलं."

भाकरी, लसणीची चटणी, कांदा. याहून अधिक माणसाला काय लागतं, मला माहीत नाही.

रविवार, २८ नोव्हेंबर

आज वांगणीकडची वाट धरली. वाईट वाट! गाडी खडखडली, फुलपात्र सांडलं, टाकीसुद्धा उकळली. तासभर झाडाखाली बसलो. वांगणीच्या त्या वाटेवर कुठलीही गाडी खडखडेल.

अनसूया — "मग निळीचं तरी काय चुकलं होतं?"

छे! निळीची गोष्ट वेगळी. अनसूयेला यंत्राचं कळत नाही. तरी बसणं मजेचं झालं. आवळे मिळाले.

रविवार, ५ डिसेंबर

खोडाळा. आजची सभा मी म्हातारपणीही विसरणार नाही.

बाजाराच्या मोकळ्या जागेत गाडी उभी केली, टप पाडला, सीटवर चढलो. पहिलंच वाक्य — "आज मी कोणाच्याही खांद्यावर बसून आलेलो नाही!" टाळ्या! मग तासभर बोललो. घसा फाटेपर्यंत बोललो. फुलपात्राची गोष्टही सांगितली. म्हटलं, जो माणूस स्वतःच्या सुखासाठी दुसऱ्याला राबवतो, त्याच्या हातातलं फुलपात्र कधी भरलेलं राहणार नाही! लोक डोलले. अनसूया शेजारी सीटवर बसलेली, मान खाली, गालात हसत.

शेवटी विचारलं, "सांगा, या भागात यंदा कोणाकडून वेठ घेतली गेली? भिऊ नका. हात वर करा!"

एकही हात वर नाही. पुढच्या रांगेत धोंडी पाटील, त्याच्यामागं त्याचा सगळा पाडा — सगळे माझ्याकडं बघत शांत. तीन वर्षांच्या ओरडण्याचं फळ! दुसरं काय? डोळ्यांत पाणी आलं, ते घाम म्हणून पुसलं.

परतताना कुडाच्या पाड्याशी थांबलो. मी पाटलाशी बोलत राहिलो, अनसूया नवशीकडं पाणी प्यायला गेली. मग तो चढ उतरून घर. अनसूया वाटभर गप्प. दमली असेल. मी मात्र जन्मात कधी झोपलो नसेन इतका समाधानी झोपणार आहे.

सोमवार, ६ डिसेंबर

सकाळी चहा पुढं ठेवून अनसूयेनं सांगितलं. एकदाच, माझ्याकडं न बघता. नवशी काल तिला हसत हसत म्हणाली — "तुमचे मोटरीसाठी पाटलानं दिवाळीभर सगळा पाडा चढावर घातला, बाई. धोंडं काढलं, माती टाकली, चोपून चोपून सारखी केली. पैका कसला? सायेबाची मोटर! नागली उभी होती शेतात, ती पाखरांनी खाल्ली. जाऊ दे. आता पानी नाय ना सांडत?"

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"नाही म्हटलं. अजिबात सांडत नाही."