चिंतेवरचं टिंब

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (अनुस्वार दिला आहे. चांगला ठळक दिला आहे, चष्म्याशिवायही दिसेल.)

इकडे सगळं ठीक. तुझा डोळा कसा आहे? ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुला वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि डोळ्यांना ताण द्यायचा नाही, असं बजावलं होतं. त्यातलं शेवटचं तू पाळलेलं नाहीस, हे माझ्या पुस्तकाची प्रुफं परत आली तेव्हा समजलं. पाकीट उघडलं आणि क्षणभर वाटलं, वाटेत कुणाचा तरी घोळणा फुटला. तुझ्या लाल शाईतून एक पान सुटलेलं नाही. अर्पणपत्रिकेत दोनच शब्द होते, ‘आत्यास, प्रेमाने’, तर तिथेही तू स्वल्पविरामावर प्रश्नचिन्ह टाकलंस.

काम तू फार मनापासून केलंस, आत्या. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना राग आला की वर येऊन हे वाक्य पुन्हा वाचता येईल.

आता मुद्द्याला येते. (लगेच येत नाही, थोडा वळसा घालून येते. माझी खोड तुला माहीत आहे.) पुस्तक मुलांचं आहे, विनोदी आहे आणि सबंध कागदपत्रांचं आहे. ढापण्या नावाच्या नऊ वर्षांच्या पोराने मावशीला लिहिलेली पत्रं, रजेचे अर्ज, माफीनामे, बाईंचे शेरे, शाळेच्या सूचना, बस्स. लेखिका मध्ये कुठेही तोंड उघडत नाही. म्हणजे वाचकाला हसवायचं तर ते ढापण्यानेच, आणि त्या बिचाऱ्याकडे त्यासाठी एकच भांडवल होतं, त्याचं शुद्धलेखन. ते तू जप्त केलंस. रजेच्या अर्जाखाली तो ‘आपला अज्ञानधारक विद्यार्थी’ अशी सही करायचा. आता आज्ञाधारक झाला आहे, आणि त्याच्याकडे बघवत नाही. सहाव्या पानावर त्याने मावशीला कळवलं होतं की ‘आज मुख्याध्यापक रांगत वर्गात आले’. तू त्याचं ‘रागात आले’ केलंस. बरोबरच आहे म्हणा, मुख्याध्यापक रागातच येतात. पण सातव्या पानावर त्याच मुख्याध्यापकांचं पालकांना पत्र आहे, की सदर दिवशी आपण दोन्ही पायांवर होतो आणि याला साक्षीदार आहेत. ते पत्र तू तसंच ठेवलंस! आता वाचणाऱ्या मुलाला वाटेल, या माणसाला झालंय तरी काय?

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळता येत नाही ते तिसऱ्या प्रकरणातलं टिंब. आजोबांची छत्री हरवते आणि ढापण्या मावशीला लिहितो, ‘आजोबा कालपासून चितेत आहेत.’ हे वाक्य कुठून आलं ते तुला सांगायला नको. तिसरीत असताना मी तुला ते लिहिलं होतं, आणि तू शिकवायला जायची ती शाळा बुडवून, घरून तडक निघून एका पायात चप्पल, एका पायात बूट अशी आमच्या दारात आली होतीस. दार तुझ्या वडिलांनीच उघडलं. तू त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडलीस, पाणी प्यायलीस आणि मग तिथेच, पायातला बूटही न काढता, मला समोर बसवून ‘चिंता’ हा शब्द पाटीभर लिहायला लावलास. (आजोबा मात्र खूश होते. आपण गेल्यावर कोण किती रडेल याचा त्यांना आयता अंदाज आला.) माझ्या पुस्तकात या वाक्यावरून चार गावांचे नातेवाईक रडत येतात, आणि पुढची पाच प्रकरणं त्या गोंधळावर उभी आहेत. तू ‘चि’वर एक टिंब दिलंस. झालं! आता आजोबा नुसते चिंतेत आहेत, तेही छत्रीच्या, आणि एवढ्यावरून मावशी टाहो फोडते, काका हातात हार घेऊन येतात आणि एक लांबचे मामा तर दारातच बेशुद्ध पडतात. एका छत्रीपायी!

प्रकाशकांनी ही प्रुफं वाचली आणि फोन केला. “बाई, भाषा फार स्वच्छ आहे,” म्हणाले. मी म्हटलं, “आणि?” तर म्हणाले, “हसू नेमकं कुठे येतं तेवढं सांगा, तिथे चित्र टाकतो.” मग त्यांनी आवाज खाली आणून सुचवलं, की पुस्तक दुसऱ्या कुणाकडून तपासून घेऊ, आत्याबाईंना कळणारही नाही. म्हणे कळणार नाही! पाटीवरची वेलांटी चुकली म्हणून जिने भर बाजारात दुकानदाराला शिडी आणायला लावली, तिला! आणि नाही कळलं तरी मला ते करायचं नाही. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर तू पहिलं वाचलंस ते माझं पुस्तक. ते तुझ्या हातून काढून घ्यायचं आणि दुसऱ्याकडे द्यायचं, हे माझ्याने होणार नाही. मग पुस्तक पडलं तरी चालेल. (चालणार नाही. पण वाक्य चांगलं जमलं म्हणून ठेवते.)

बाकी क्षेम. डोळ्यात औषध वेळेवर घाल.

तुझी,
भाची

ता. क. खरी विनंती अशी. सोमवारी छपाई सुरू होते. तू दिलेलं टिंब तूच काढ. आणि बाकीच्या चुकाही तूच परत घाल. मी घालून पाहिल्या, पण माझ्या चुका चाळिशीतल्या दिसतात, विचार करून केलेल्या. जन्मभर तू मुलांच्या वह्या तपासल्यास. पोरं कुठे घसरतात हे तुझ्या हाताला ठाऊक आहे. तेव्हा लाल पेन घे, नीट बस आणि चूक. एवढं माझ्यासाठी कर.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात पोस्टमनने तुझं कार्ड दिलं. ‘मी सध्या चितेत आहे. जमल्यास ये.’ आत्या, टिंब नाही! तुझ्या अक्षरात, तुझ्या हातून, टिंब नाही! डोळा बिघडला का? चार वेळा उजेडात धरून पाहिलं. फोन तू उचलत नाहीस. पुस्तक गेलं खड्ड्यात, मी निघाले.

ता. क. ३. बसमध्ये बसून लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. घाबरून कार्ड उलटून पाहायचंच राहिलं होतं. ते आत्ता पाहिलं. ‘डोळा उत्तम आहे. ढापण्याच्या नावाने त्याच्या मावशीला दीडशे पानं लिहिलीस, सख्ख्या आत्याला एक ओळ नाही. प्रुफं बरोबर आहेत म्हणून धाडली असती, तर पावली एवढंच कळवलं असतंस. आता तरी लांबलचक लिहिलं असशील. चुकांची प्रत वेगळी करून ठेवली आहे, येऊन घेऊन जा. तिसरीतल्या पत्राचं फिटंफाट.’

माझ्या एका पायात चप्पल आहे, आत्या. दुसऱ्या पायात काय आहे ते विचारू नकोस. हे पत्र आता हातीच देते. दार तूच उघड, आणि मला पाहून हसलीस तर याद राख, मी उंबऱ्यापासून रांगत आत येईन.

(इथे ‘रांगत’च म्हणायचं आहे. पेन खाली ठेव.)