हाडांनी सोडलेलं काम

बाई, माळशिरसकडच्या त्या मेंढरंवाल्या मावशींबद्दल तुमच्याशी बोलायचं राहूनच गेलं. तुम्ही हे जग सोडून तीस वर्षं उलटली. मीही कधीच निवृत्त झाले. चाळीसेक वर्षं मी मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली, पण सोलापूरच्या आपल्या दवाखान्यात त्या उन्हाळ्यात तुम्ही जे दाखवलंत, तसं पुन्हा काही पाहिलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी लॅबमध्ये नवी होते, तुम्ही आमच्या पॅथॉलॉजिस्ट. मावशी पन्नाशीच्या, दहा वर्षांपूर्वी नवरा गेलेला. हातपाय वाळलेले, डोळे पांढरेफटक आणि पोट मात्र दिवस भरत आलेल्या बाईसारखं. गावात काय बोललं जात असेल ते सांगायला नको. वॉर्डात रक्त घ्यायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. "ताई, पोटात काय हाय ते येकदा सांगा. भावकी दारात उभी करंना. पाण्याला गेले तर बाया मागं सरत्यात." गर्भ नाही, प्लीहा, म्हणजे पाणथरी, वाढली आहे, हे डॉक्टरांनी हात लावताच ओळखलं होतं. जुन्या हिवतापानं वाढलेली पाणथरी, असं सगळ्यांनी धरलं आणि सोमवारी ऑपरेशन करून ती काढायची ठरली.

मी पेशी मोजल्या, पांढऱ्या पेशी फार वाढल्यात असं लिहून कागद तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही स्लाइड मागितलीत. तुम्ही मोजताना नेहमी ओठांत तेलुगूत आकडे म्हणायचात, माहेरी मागावर बसून शिकलेले, ओकटी, रेंडू, मूडू. त्या दिवशी आकडे मध्येच थांबले. "मोजलंस, पण बघितलंस का?" तुम्ही आवाज चढवला नव्हता, तरी माझे कान तापले. तुम्ही खुर्ची सोडलीत आणि मला बसवलंत. मी बघते आहे: लाल पेशी गोल नाहीत, एका बाजूला शेपूट ओढल्यासारख्या, डोळ्यातून टपकणाऱ्या थेंबासारख्या. आणि मी पांढऱ्या म्हणून मोजलेल्यांपैकी कितीतरी पेशी पांढऱ्या नव्हत्याच. त्या कच्च्या लाल पेशी होत्या, पोटात केंद्रक घेऊन फिरणाऱ्या. "हाडाच्या मगजात केंद्रक टाकूनच त्या बाहेर पडतात," तुम्ही म्हणालात. "ह्या घाईनं कुठून निघाल्या?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही मावशींच्या छातीच्या हाडात सुई घातलीत. सिरिंज ओढली, पुन्हा ओढली. थेंब आला नाही. हाडातला मगज सुकून त्याची नुसती दोऱ्यांसारखी जाळी झाली असणार, असं तुम्ही पुटपुटलात. मला कळेना, हाडात रक्त तयारच होत नसेल तर ही बाई जगते कशी? तुमचा संशय प्लीहेवर गेला, आणि तुमच्या सांगण्यावरून फिजिशियनांनी बारीक सुईनं प्लीहेतला थेंब काढायचं कबूल केलं. "श्वास रोखून धरा, हलू नका," असं मी सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "मेंढीचं पिल्लू आडलं तवा मी लई येळ दम धरलाय की."

तो थेंब मी स्वतः रंगवला. रंग उन्हानं काचेवरच वाळेल म्हणून ओलं फडकं धरून उभी होते. तुम्ही स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत बघितलीत. मग म्हणालात, "ये. असं कुणाला आयुष्यात एकदाच दिसतं." प्लीहेत रक्त तयार होत होतं. लाल पेशींच्या सगळ्या पायऱ्या, अगदी कोवळ्या निळसर पेशीपासून, आणि मधोमध ती भली मोठी पेशी, जिच्यापासून प्लेटलेट सुटतात, जी एरवी हाडातच भेटायची. तुम्ही सांगत होतात: आईच्या पोटात बाळाची हाडं तयार नसतात, तेव्हा रक्त यकृत नि प्लीहा करतात. जन्माच्या सुमाराला ते काम हाडांकडे जातं. मावशींच्या हाडांनी ते काम सोडलं आणि पन्नास वर्षं गप्प बसलेल्या प्लीहेनं ते पुन्हा हातात घेतलं. "कुणी सांगितलं तिला?" मी विचारलं. तुम्ही हसलात. "ते मलाही माहीत नाही," म्हणालात, आणि चष्मा काढून डोळे पुसलेत.

सर्जन वैतागले. "एवढी मोठी प्लीहा पोटात ठेवायची कशाला?" तुम्ही त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलंत. "तिचं रक्त जिथं होतंय तेच कापून काढलं, तर तिला तुम्ही काय द्याल?" त्यांनी बघितलं, आणि सोमवारच्या यादीतलं नाव स्वतःच्या हातानं खोडलं.

मावशींपासून तुम्ही काही लपवलं नाहीत. हे बरं होणारं नाही, अधूनमधून रक्त चढवावं लागेल, पोटाला मार लागू द्यायचा नाही. "पण पोटात पाप नाही. तुमचंच रक्त तिथं तयार होतंय." मावशींनी दोन्ही हात पोटावर ठेवले. "म्हंजी ह्ये माज्यासाटी राबतंय व्हय?" आणि रडल्या. वॉर्डाबाहेर थांबलेल्या भावाला आत बोलावून त्यांनी तुम्हाला तेच पुन्हा सांगायला लावलं, मोठ्यानं, वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

त्यानंतर मावशी चार वर्षं जगल्या. तुमची बदली झाल्यावरही रक्त चढवायला यायच्या. शेवटच्या वर्षी एक नवी नर्स त्यांना विचारत होती, एवढं अवघड दुखणं ओळखलं कुणी. मावशींनी माझ्याकडे बोट केलं, "ह्या ताईंनी." त्यांची समजूत तशीच झाली होती, कारण पहिलं रक्त मी घेतलं होतं. मी तुमचं नाव सांगायला तोंड उघडलं, बाई. नर्स माझ्याकडे मोठ्या कौतुकानं बघत होती. मी गप्प बसले. हा कागद मी कुठं पाठवणार? पण हे तुम्हाला एकदा सांगायचं होतं.