यरीहोच्या आत आनंद

पुणे,
७ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास शांतवनचा सप्रेम सलाम, वि. वि.

काल सकाळी मी आपल्या चर्चला बाहेरून फेरी मारली. आत आपला आनंद होता. फोनवर सांगितलं तर तू रडशील, म्हणून लिहितो.

पाळकसाहेबांवरून मंडळी फुटली, हे तुला ठाऊकच आहे. किल्ली आनंदच्या गटाकडे, आम्ही अंगणात मांडवाखाली. आमच्या गटाचे पुढारी मच्छिंद्रभाऊंनी ठरवलंय की दर रविवारी मुक्याने एक फेरी मारायची आणि वीस तारखेला सातवी झाली की, शास्त्रात इस्राएल लोकांनी यरीहो नगराला फेऱ्या मारून केला तसा जयघोष करायचा. तिथला तट पडला, तशी इथलीही भिंत पडेल म्हणतात. वचन वाचून पहिली आरोळी मी द्यायची. गावच्या शाळेत कमावलेला आवाज आहे ना!

खिडकीतून आनंदच्या नम्रताने सवयीने हात हलवला, मग नवऱ्याकडे बघून आवरला. सख्ख्या भावावर ओरडलो तर तो कायमचा तुटेल. नाही ओरडलो तर ज्यांच्यासोबत प्रार्थना करतो, ते तुटतील. काय करू?

दाजींना सलाम. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
शांतवन


राहुरी,
१२ ऑक्टोबर

चि. शांतवनास अनेक आशीर्वाद.

रडले नाही, हसले. पन्नाशीला आलास, तरी कोणी सांगेल तिकडे ओरडायला निघतोस. भिंत पडलीच तर पुन्हा बांधणार कोण, हे मच्छिंद्राला विचारलंस का?

यरीहो वाचणारच आहेस तर एक पान मागून वाच. तलवार उपसून उभ्या असलेल्या पुरुषाला इस्राएलांच्या पुढाऱ्याने, यहोशवाने, विचारलं, तू आमच्याकडचा की शत्रूकडचा? त्याने काय उत्तर दिलं ते नीट बघ, मग हवं तेवढं ओरड.

आनंदला मी काही कळवलेलं नाही. तुम्हा दोघांनाही मीच कडेवर वाढवलंय. गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
अक्का


पुणे,
२१ ऑक्टोबर

ती. अक्कास सलाम, वि. वि.

त्याचं उत्तर होतं, नाही; मी परमेश्वराच्या सेनेचा सेनापती आहे. विचारणाऱ्याने दोन बाजू पुढे केल्या, त्याने एकही घेतली नाही. मी मात्र इतकी वर्षं ते ‘शत्रूकडचा नाही’ असंच वाचत आलो. या लढाया वाचताना मी कायम जिंकणाऱ्यांतच उभा असायचो. शत्रूंसाठी प्रार्थना करा असं प्रभूने सांगितलं, ते दुसऱ्या पुस्तकातलं आहे असं समजून.

काल फेरी संपल्यावर मी तेच पान मोठ्याने वाचलं. मच्छिंद्रभाऊ कुजबुजले, पान चुकलं. मी म्हटलं, नाही. मंडळी आरोळीची वाट बघत होती. त्या सेनापतीने यहोशवाला लढाईआधी, ही जागा पवित्र आहे म्हणून, जोडे काढायला लावले होते, तेवढं वाचून मी शास्त्र मिटलं आणि दाराकडे निघालो. मागून कोणीतरी फितूर म्हणालं. तुझ्या प्रार्थनेत आम्हा दोघा भावांना एकाच दमात धरत जा.

दाराशी चपला काढल्या आणि आत जाऊन आनंदच्या बाकावर बसलो.

तुझा,
शांतवन