चोथा कडू हाय, म्हणून

रतनसिंग, तुला अन् लेकरांना मोठ्या बहिणीचा आशीर्वाद.

जनावराच्या तोंडची पेंड हिसकून मी बायांच्या तोंडाला फासून न्हाई राहिले. तू इचारलं न्हाईस, पण पुसेगावच्या बाजारात हेच बोलणं चालू असंल. इथं राजस्थानात ऑलिव्हचं तेल काढतात. मागं उरलेला चोथा इतका कडू, की म्हशीनं हुंगून सोडला. तोच आमी बाया वाळवतो. कारखान्यात त्याचा अर्क काढून तोंडाच्या क्रीममधी घालतात.

माझ्या दिपकला इथं फोन करून "आईला घरी धाड" म्हणू नको. गुडघा दुखतो, व्हय. तांड्यावर बी दुखतच होता. तिथं समदे मला "बस, बस" म्हणतात. इथं कोणी म्हणत न्हाई.

आपली म्हैस व्याली का? तेवढं कळव.

मी येणार न्हाई. याच्यावर आता एक अक्षर लिहिणार न्हाई.

शकुंतलाबाई