छपराखाली गप्प बसल्याबद्दल नापास केल्याबाबत

प्रति,
मा. केंद्रप्रमुख तथा परीक्षक,
प्रौढ शिक्षण केंद्र, स्त्रांडेविक, नॉर्वे

विषय: नॉर्वेजियन भाषेची माझी तोंडी परीक्षा टेकडीवर घेण्याबाबत.
संदर्भ: शुक्रवार, दि. २१ मार्च रोजी आपण स्वमुखे सांगितलेला निकाल.

महोदय,

१. सविनय कळविते की, मी मूळची इरिट्रियाची असून दोन वर्षांपासून या गावची रहिवासी आहे. लेखी परीक्षा उत्तीर्ण आहे. येथील वृद्धाश्रमाने मला कायम नोकरी देऊ केली आहे. तथापि महिनाअखेर तोंडी परीक्षेचा दाखला न दिल्यास ती जागा हातची जाईल. तेथील म्हाताऱ्या माणसांचा मला लळा लागला आहे. हे सरकारी भाषेत कसे लिहितात, मला माहीत नाही.

२. आमच्या शिक्षिका रांदीबाई यांनी "लोकांत मिसळा, बोला" असे बजावले होते. त्यास अनुसरून मी बसमध्ये एका गृहस्थांशेजारी बसून त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. सदर गृहस्थ पुढच्याच थांब्यावर उतरले व भर पावसात चालू लागले. बस त्यांच्याच घरावरून जाते. माझे शेजारी श्री. तूरब्योर्न हे जिन्यात माझी चाहूल लागताच दाराआड थांबतात. बेकरीतील मुलगी बोलली, परंतु इंग्रजीत, आणि ते मला येत नाही. सबब, छपराखाली परक्याशी न बोलणे हाच येथील शिष्टाचार, अशी माझी खात्री झाली व मी तो मनोभावे पाळू लागले.

३. परंतु रविवारी गावामागच्या टेकडीवर हीच माणसे येता-जाता नमस्कार करतात. खुद्द तूरब्योर्न यांनी तेथे हाक मारली, "अहो लेतेकिदानबाई, या की! संत्रं सोललंय." दिवंगत पत्नीच्या आठवणी सांगताना त्यांनी डोळेही पुसले. सोमवारी जिन्यात दार पुन्हा बंद. मी मनाला लावून घेतले नाही. माझी सगळी नॉर्वेजियन त्या टेकडीवरची आहे.

४. शुक्रवारी परीक्षेच्या खोलीत आपण गप्प बसलात. मीही अदबीने गप्प बसले. परीक्षा झकास चालली आहे, असे मला शेवटपर्यंत वाटत होते.

५. काल रविवारी टेकडीवर एक लाल टोपीवाले गृहस्थ भेटले. माझ्या तोंडावर मफलर होता. बर्फ, बूट, बायकोचा गुडघा अशा विषयांवर आम्ही शिखरापर्यंत बोललो. ते म्हणाले, "काय सुरेख बोलता हो तुम्ही! नाहीतर परवा एक बाई आल्या होत्या परीक्षेला. तोंडातून चकार शब्द नाही! वाईट वाटलं, पण करणार काय?" मीही त्या बाईंबद्दल हळहळ व्यक्त केली.

६. सबब, माझी परीक्षा टेकडीवर पुन्हा घ्यावी. त्या गृहस्थांचे नाव मी येथे घेत नाही. त्यांची टोपी मात्र शिखरावरच्या बाकावर राहिली होती, ती सोबत जोडली आहे. आपण ती घालून पाहावी. डोक्याला नीट बसल्यास परीक्षा काल झाली असे समजून दाखला द्यावा, ही विनंती.

टेकडीवर बोलकी, खोलीत आपली नम्र,
लेतेकिदान वोल्डू
दि. २४ मार्च २०२५

सोबत: लाल लोकरी टोपी, एक (वाळवलेली).